खलनायकाचा डावा पाय

पाचवी, सहावी, सातवी अशी सलग तीन वर्षं शाळेच्या स्नेहसंमेलनात मी सरस्वती झाले. सुंदर होते म्हणून नव्हे, तर सरस्वतीला बसायचं असतं म्हणून. पडदा उघडायच्या आधी दोघीजणी मला धरून पुठ्ठ्याच्या कमळावर नेऊन ठेवत, हातात पुठ्ठ्याची वीणा देत आणि पांढऱ्या साडीचा घोळ असा पसरत की डाव्या पायातला कॅलिपर कुणाला दिसू नये. पुढे मुली ईशस्तवनावर नाचत. पडदा पडला की त्याच दोघी मला काखेत धरून उचलत. समोरच्या आया म्हणत, किती गोड दिसतेय, किती शांत बसलीय! मी शांत बिंत काही नव्हते. मी धुमसत होते.

दीड वर्षाची असताना मला पोलिओ झाला. डावा पाय बारीक राहिला, उजव्यापेक्षा आखूड राहिला. त्याला कॅलिपर, म्हणजे दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, खाली जाड तळाचा बूट आणि गुडघ्याशी एक कडी. कडी लावली की पाय सरळ आणि ताठ. चालताना उजवा बूट टक् वाजे आणि डावा फरशीवरून घस् करून येई. टक्-घस्, टक्-घस्. बोळिंजमधल्या आमच्या सोसायटीत मी जिना चढायला लागले की तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांना कळे. त्या दार उघडून म्हणत, "हळू गं बाळा, हळू." मी मुद्दाम जोरात चढे.

आई वसईच्या कोर्टात कारकून होती. म्हणून माझी शाळाही वसईत, तिच्याबरोबर बसने जायचं आणि तिच्याबरोबरच परतायचं. शाळा सुटल्यापासून कोर्ट सुटेपर्यंतचे तास मी माझ्या मैत्रिणीच्या घरी काढी. ती वसईलगतच्या सांडोर गावची, माझ्याच बाकावरची. घराच्या मागे केळीची बाग, पुढे ऐसपैस ओटा, ओट्यावर एक लाकडी खुर्ची. तिचे वडील बागाईतदार होते, मी त्यांना काका म्हणे. घरात ती माणसं आपली वेगळी बोली बोलत, ती मला अर्धीच समजे. काका माझ्याशी मात्र पुस्तकातलं मराठी बोलत, जपून, पाहुण्यांसाठी काढलेल्या कपबशीसारखं.

या घरात मला तो भेटला.

मैत्रिणीच्या मामाने आखातातून टीव्ही गेम आणला होता, आणि पुढच्या सुट्टीत त्याच गेमवर काढलेल्या कार्टून सिनेमाची व्हीसीडी. हिंदीत डब केलेली. एका राज्यात एक कारागीर असतो. राज्यातले सगळे पूल त्याने बांधलेले. शेवटचा पूल बांधताना त्याचा डावा पाय दगडाखाली सापडतो. पूल पुरा झाल्यावर राजा मेजवानी देतो आणि याला बोलावतच नाही. कारण काय, तर दरबारात तो बरा दिसणार नाही. मग तो वाईट होतो. न होऊन सांगतो कुणाला! लोखंडाचा पाय करतो, काळा झगा घालतो, आणि एके दिवशी त्या लांबलचक पुलावरून एकटा चालत येतो. टक्-घस्, टक्-घस्. दोन्ही बाजूंचे सैनिक गप्प होतात. कुणी हळहळत नाही, कुणी हळू म्हणत नाही. सगळ्यांची पाचावर धारण बसलेली.

मी मैत्रिणीचा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. "परत लाव," मी म्हणाले. तिने परत लावलं. आम्ही तेवढा पूल त्या दुपारी सहा वेळा बघितला.

त्यानंतर आम्ही वाया गेलो. शेवटी एक पिवळ्या केसांचा राजपुत्र येऊन त्याला पुलावरून ढकलून देतो, पण तो भाग आम्ही कधी लावतच नसू. कंपासपेटीवर, वहीच्या पुठ्ठ्यावर, बाकाच्या खालच्या बाजूला आम्ही त्याची खूण काढत असू, पुलाची एक कमान. त्याचा वाढदिवस आम्हीच ठरवला आणि केळ्याची भजी करून साजरा केला. त्याचं नाव मात्र आम्ही घेत नसू, नुसतं "तो" म्हणत असू. मैत्रिणीची आई हसून म्हणे, "नवऱ्याचं नाव घेत नाहीत तशा काय गं करता?" वर्गातल्या बाकीच्या मुली राजपुत्रावर लट्टू होत्या. त्या मला विचारत, "तुला तो खडूस कसा आवडतो?" मी विचारी, "तुमच्या राजपुत्राने आयुष्यात केलं काय? एक तरी पूल बांधला?" तरी मत कुणी बदलत नसे.

गेमचा मला वेगळाच राग होता. गेममध्ये आपण फक्त राजपुत्र होऊ शकत असू. त्याला घेऊन खेळताच येत नसे, त्याला फक्त मारता येई. मग मी काय करी, शेवटच्या पातळीपर्यंत जीव तोडून खेळे, पुलावर पोचले की रिमोट खाली ठेवून देई. राजपुत्र बावळटासारखा उभा राही आणि तो त्याला झोडपून काढी. मैत्रीण टाळ्या वाजवी. जगात त्याला जिंकू देणाऱ्या आम्ही दोघीच होतो.

आठवीत आमच्या वर्गाला संमेलनात नाटिका करायची होती. आम्ही दोघींनी त्या सिनेमावरून एक लिहून काढली आणि वर्गाच्या बाईंना दिली. बाईंना आवडली. "खलनायक कोण करणार?" त्यांनी विचारलं. मी हात वर केला.

बाईंचा चेहरा उतरला. त्या वाईट नव्हत्या. खरं तर अशा चांगल्या माणसांनीच मला जास्त छळलंय. वाईट माणसाला तोंडावर बोलता तरी येतं. "अगं, तुला कशाला तो त्रास?" त्या म्हणाल्या. "तुझी सरस्वती किती छान होते. आणि लोक काय म्हणतील? पायाने अधू मुलीला शाळेने खलनायक केलं!"

"तो लंगडाच आहे, बाई. मला अभिनयसुद्धा करावा लागणार नाही."

"तेच तर," बाई म्हणाल्या.

मी रोज मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी जाऊन उभी राहू लागले. आठवड्याने त्या कंटाळल्या. एक अट घातली. झगा जमिनीपर्यंत हवा, पाय अजिबात दिसता कामा नये. पाय दिसला नाही तर लोकांना वाटेल मुलगी लंगडण्याचा अभिनय करतेय, मग कुणाला वाईट वाटणार नाही. म्हणजे खरं चालले तर चालणार नव्हतं, खोटं चालते असं वाटलं तर चालणार होतं. मला संताप आला, तरी मी हो म्हणाले. मला त्या स्टेजच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुणी न धरता, चालत जायचं होतं. त्यासाठी मी गोणपाटसुद्धा नेसले असते.

झगा आईने मिळवला. कोर्टातल्या एका म्हाताऱ्या वकिलांनी आपला जुना काळा गाऊन दिला. आम्ही त्याला खाली जाड काठ लावून तो जमिनीपर्यंत नेला. करवंट्यांवर कागदाचा लगदा थापून खांद्यांवरची चिलखतं केली. मुखवटा केला, काठी केली. आमच्या घरात एक खोली आणि स्वयंपाकघर, तिथे हा पसारा कुठे ठेवणार? म्हणून सगळं सांडोरला. ओल्या लगद्याचा आकार बिघडू नये म्हणून आम्ही गाऊनमध्ये केळीची सुकी पानं ठासून भरली आणि त्याला ओट्यावरच्या खुर्चीत बसवलं. माझा पाय झाकायचा होता, निदान याचा तरी दिसावा म्हणून मी घरून माझा जुना, लहानपणचा कॅलिपर आणला होता. त्याला चंदेरी रंग दिला आणि पानांची मोळी करून बनवलेल्या त्याच्या डाव्या पायाला बांधला. तो खुर्चीत बसला, हातात काठी, मान जराशी तिरकी. येणारा-जाणारा थबकून बघे. काका बागेतून येताना त्याला सलाम करत.

नाताळाची सुट्टी लागली. एक जानेवारीला मैत्रिणीच्या घरी मला आणि आईला जेवायला बोलावलं होतं, आणि जेवण झाल्यावर आम्ही दोघी पूर्ण वेशात तालीम करणार होतो. शनिवारी संमेलन होतं.

आम्ही सकाळी पोचलो तेव्हा खुर्ची रिकामी होती. ओट्यावर केळीची दोन-चार सुकी पानं पडली होती. मैत्रीण दिसेना. काका मात्र हसत पुढे आले, नवा शर्ट घालून. "या, या! हॅपी न्यू इयर! काय म्हातारा केला होता पोरींनी! अख्ख्या गावात असा म्हातारा आजवर झाला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"कसला म्हातारा?" आईने विचारलं.

आता वसईत राहून हे माहीत नसावं, हा आमचा कोकणातून येऊन फ्लॅटमध्ये राहिलेल्यांचा अडाणीपणा. तिथल्या ख्रिस्ती गावांतून वर्ष संपताना जुन्या वर्षाचा पुतळा करतात. जुने कपडे, आत पेंढा नाहीतर सुकी पानं. त्याला म्हातारा म्हणतात, आणि बारा वाजता जाळतात. डिसेंबर महिन्यात दोन मुली ओट्यावर पानं भरून काळ्या कोटातला, काठीवाला माणूस करत बसल्यात, म्हणजे दुसरं काय असणार? गावातले तरुण म्हातारा मागायला आले तेव्हा मैत्रीण चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला गेली होती. काकांनी अभिमानाने उचलून दिला.

"आणि ते लोखंड?" मी म्हणाले. "त्याच्या पायाला माझा कॅलिपर होता, काका. तो बघूनसुद्धा तुम्हाला कळलं नाही?"

काकांचं हसू जरासं ढळलं. "कळलं ना, बाय. मला वाटलं तू मुद्दाम बांधला. जुनं वर्ष जळतं तसं तुझं दुखणं पण जळून जावं म्हणून. म्हणून मीच पुढे झालो. प्रार्थना केली आणि स्वतःच्या हाताने आग लावली."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, पण ते रागाचं. कुणी माझा पाय साडीखाली लपवत होतं, कुणी झग्याखाली, आणि या भल्या माणसाने तर देवाचं नाव घेऊन तो जाळला होता. "मला दुखणं नाही," मी ओरडले. "मला पाय आहे. वाकडा आहे, पण पाय आहे. तो तुम्ही कोणाला विचारून जाळला?" आई म्हणाली, "अगं, मोठ्यांशी असं बोलतात?" मी तिच्यावरही ओरडले.

मैत्रीण आतल्या खोलीत उशीत डोकं खुपसून रडत होती. रात्री उशिरा चर्चमधून येऊन ती अंधारातच झोपली होती, तिला सकाळी कळलं होतं. ती मला नाक्यावर घेऊन गेली. रस्त्याच्या कडेला राखेचा काळा गोल होता, फटाक्यांचे लाल कागद, आणि मधोमध माझा लहानपणचा कॅलिपर. पट्टे जळून गेले होते, रंग उडाला होता, लोखंड तसंच्या तसं. गेममध्ये त्याला फक्त मारता येत होतं, गावात फक्त जाळता आलं. मी कॅलिपर उचलून राखेसकट पिशवीत टाकला आणि न जेवता आईला घेऊन परत आले. संध्याकाळी काका केळ्यांचा अख्खा घड खांद्यावर घेऊन बोळिंजला आले आणि तो दारात ठेवून, पाणीसुद्धा न पिता गेले. मी एक केळं खाल्लं नाही. सगळी एकदम पिकली. आईने जिन्याजिन्यात वाटली.

दोन तारखेला शाळेत मी बाईंना म्हणाले, आई उद्यापर्यंत दुसरा गाऊन आणेल. कोर्टात काळ्या गाऊनना काय तोटा! बाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "राहू दे आता. देवाच्याच मनात नसेल. मी भूमिका बदललीय." त्यांना सुटल्यासारखं झालं होतं, ते लपत नव्हतं. भूमिका कुणाला दिली होती? माझ्या मैत्रिणीला. सगळी वाक्यं तिलाच पाठ होती ना.

"मी नको म्हणाले होते गं," ती मागून आली. "बाई ऐकतच नाहीत. तू बोल ना माझ्याशी." मी नाही बोलले. तीन दिवस एकाच बाकावर बसून नाही बोलले. तिच्या बापाने जाळलेलं तीच पांघरून मिरवणार, असं मी मनात म्हणत होते. मला ठाऊक होतं की हे खरं नाही. तरी म्हणत होते.

शनिवारी मला परत पांढरी साडी नेसवली. कमळ, वीणा, घोळ. पडद्यामागे ईशस्तवनाच्या मुली रांगेत उभ्या होत्या. त्यांच्यापलीकडे विंगेत माझी मैत्रीण वर्गाच्या खिडकीचा पडदा खांद्यावर घेऊन उभी होती. तिचा कार्यक्रम शेवटी होता, तरी बाई तिला आताच चालून दाखवायला सांगत होत्या. माझ्यापासून चार हातांवर. मी ऐकत असेन हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. सरस्वती कुठे ऐकते!

"डावा पाय जरा ओढ," बाई म्हणाल्या. "अजून. लंगडं चाल नीट. लोकांना कळू दे ना, हा वाईट माणूस आहे ते."

मैत्रीण माझ्याकडे बघत होती. ती जागची हलली नाही. तेवढ्यात पेटी सुरू झाली आणि पडदा उघडला.

मुली नाचल्या. मी बसले होते. तळपायाची आग मस्तकात म्हणजे काय ते मला त्या चार मिनिटांत कळलं. गाणं संपलं, मुली हात जोडून उभ्या राहिल्या, आता पडदा पडणार. मी वीणा खाली ठेवली. साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि कडी लावली. खट्. पेटी थांबली होती, त्यामुळे तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला असणार. मी कमळाचा आधार घेऊन उठले. पुठ्ठ्याच्या दोन पाकळ्या फाटल्या. मग मी नाचणाऱ्या मुलींच्या पुढे आले आणि चालू लागले. टक्-घस्. टक्-घस्.

सगळं सभागृह गप्प झालं. अगदी त्या पुलासारखं. माझं काळीज सुपाएवढं झालं. आणि मग पहिल्या रांगेतून, अगदी स्पष्ट, एक बाई म्हणाली, "अगं बाई, बिचारी!"

मी थांबले. मागे आमच्या वर्गाच्या बाई "पडदा! पडदा ओढा!" म्हणून फुसफुसत होत्या. पडदा सरसरत आला, पण मी इतकी पुढे आले होते की तो माझ्या पाठीमागेच पडला, आणि लोकांसमोर मी एकटी राहिले. मी त्या बाईकडे पाहिलं, तो बघायचा तसं, मान तिरकी करून. आणि त्याचं वाक्य, जे आम्ही हिंदीतून मराठीत आणलं होतं, ते पोटातून ओरडले:

"हा पूल मी बांधलाय! यावरून कोण चालणार ते मी ठरवणार!"

त्या बाईच्या मांडीवरचं पोर भोकाड पसरून रडायला लागलं. ते थांबेना. तिला ते उचलून बाहेर न्यावं लागलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आजही त्याची लाज वाटत नाही. बिचारी म्हणणाऱ्यांमध्ये ते एकच मूल मला नीट घाबरलं होतं. मग राहिलेली पावलं मी पडद्यापुढून चालले, सावकाश, दुसऱ्या टोकापर्यंत. टाळी एकही पडली नाही.

मला स्टेजमागच्या वर्गात नेऊन बसवलं. आईला बोलावून घेतलं. बाई आईकडे वळल्या. "तुम्हीच सांगा हिला. देवी कधी उठून अशी चालते का?"

आईने माझ्या साडीच्या निऱ्या सोडल्या, कडी सैल केली, आणि मान वर न करता म्हणाली, "चालत असेल. आपण कुठे बघितलीय?"

बाई निघून गेल्या. आम्ही दोघी तिथेच बसलो. तासाभराने भिंतीपलीकडे आमची नाटिका सुरू झाली. राजा बोलला, राजपुत्र बोलला, हशा झाला. मग शांतता. आता तो पुलावर येणार. मी भिंतीला कान लावला. माझी मैत्रीण सहा वर्षं माझ्या शेजारून चालत होती, माझं पाऊल कसं पडतं हे तिच्याइतकं जगात कुणाला माहीत नव्हतं. तिने मनात आणलं असतं तर हुबेहूब केलं असतं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला असता.

टक्. टक्. टक्. टक्.

सरळ, सारखी पावलं. मला आधी तिचाच राग आला. हा कसला तो! लंगडत नाही तर तो कसला! आणि मग विंगेतून बाईंचा दबका आवाज आला, "अगं, पाय ओढ! पाय ओढ ना!"

टक्. टक्. टक्.

ती तशीच, सरळ चालत, स्टेजच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली. त्या दिवशी त्या स्टेजवर लंगडत एकच जण चाललं होतं, आणि ती मी होते.